मंदाकिनीची किळस

रायपूरच्या तात्यापारा वस्तीत मंदाकिनी वैरागडेला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. तिने शिवलेलं ब्लाउज काखेत कधी ओढत नसे, ही एक. आणि दुसरी तिची किळस. मापाचं जुनं ब्लाउज एखादीनं न धुता आणलं, तर मंदाकिनी त्याला हात लावत नसे. कात्रीच्या टोकानं उचलून ते परत पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "धुऊन आणा जी. घामाचं माप मले घेता येत नाही." बायका हसायच्या, चिडायच्या, पण धुऊन आणायच्या. लग्नाच्या पंगतीत ती जेवत नसे, कारण वाढणाऱ्याचा अंगठा वरणात बुडालेला नेमका तिलाच दिसायचा. नळाला हात लावण्याआधी ती नळ धुवायची. नवरा मारोती रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता. तो घरी आला की आधी अंगणात आंघोळ, मग उंबरठा. मुलगी शर्मिष्ठा म्हणायची, "मम्मी को तो सपने में भी बदबू आती होगी."

आणि दुखणं आलं ते नेमकं याच बाईच्या वाट्याला, तेही नको त्या जागी.

संडासात रक्त पडायला लागलं तेव्हा मंदाकिनीनं ते कोणाला सांगितलंच नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. ते वाक्य तोंडातून काढायचीच तिला शिसारी. मूळव्याध असेल, उन्हाळा आहे, तिखट खाल्लं असेल, असं स्वतःलाच समजावत तिनं एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढला. दिवाळीच्या घाईत, ब्लाउजांचा ढीग पुढ्यात असताना, ती मशीनवरच डोकं टेकून पडली. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मारोतीला बाजूला बसवून सांगितलं, की कॅन्सर आहे, आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे, तो भाग काढून टाकावा लागेल. पुढे शौच नेहमीच्या वाटेनं होणार नाही. आतड्याचं तोंड पोटावर काढू, त्यावर पिशवी चिकटवायची, त्या पिशवीत सगळं जमा होत राहील. कायमचं.

"कायमचं म्हणजे किती दिवस?" मारोतीनं विचारलं होतं. नंतर त्याला स्वतःलाच आपल्या प्रश्नाची लाज वाटत राहिली.

ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा मंदाकिनीनं एकदाच खाली पाहिलं. पोटाच्या डाव्या अंगाला लालबुंद, ओलं, मांसाचं फुलासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो धंद्यातलाच: कोणीतरी अस्तर बाहेर काढून उलटं शिवून ठेवलंय. तेवढ्यात ते हललं. स्वतःहून. तिनं तोंड फिरवलं आणि नर्सच्या हातातल्या ट्रेमध्ये ओकली.

घरी आल्यावर पिशवी बदलायची पाळी मारोतीवर आली. बिचाऱ्यानं हौसेनं बाह्या सरसावल्या. पिशवी सुटली, वास आला, आणि आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घालणारा तो दांडगा माणूस मोरीकडे धावला. त्याच्या उलटीचा आवाज पलंगावर पडल्या पडल्या मंदाकिनीनं ऐकला. मग शर्मिष्ठा पुढे झाली. कॉलेजला जाताना उन्हासाठी तोंडाला गुंडाळायची ती ओढणी तिनं नाकावर बांधली, नुसते डोळे उघडे ठेवले आणि काम केलं. पण ते डोळे आईला दिसत होते. पोरगी श्वास रोखून होती.

"तू जा," मंदाकिनी म्हणाली.

"हो गया मम्मी, बस हो गया."

"मी म्हणून राहिलो न, जा!"

आणि मग भेटायला येणारे. एक मावस नणंद गोंदियाहून खास गाडी करून आली, दारातच नाकाशी रुमाल नेऊन तो खोकण्याचं निमित्त करून तिथंच ठेवला, आणि म्हणाली, "देव ज्याले सोसता येते त्यालेच देते व मंदा." शेजारच्या एकीनं मोबाइलवर कोणा बाबाचं भाषण लावून उशाशी ठेवलं. तो बाबा स्वच्छ पांढऱ्या गादीवर बसून, संकट ही संधी कशी असते ते सांगत होता. मंदाकिनीला वाटलं, याच्या पोटावर एकदा ही पिशवी चिकटवावी, रायपूरच्या मे महिन्यात, आणि मग बोलू द्यावं. धीर धर, हिंमत ठेव, पॉझिटिव्ह राहा. आलेला प्रत्येक जण तेच बोलायचा, लांबच्या खुर्चीवर बसायचा आणि चहा अर्धा ठेवून उठायचा. तो उरलेला अर्धा चहा तिला त्या पिशवीपेक्षाही ओंगळ वाटायचा.

तिनं एक साधा हिशेब केला. खाल्लंच नाही तर बाहेर काही येणार नाही. शर्मिष्ठानं वरणभात आणला की चार घास चिवडायचे, बाकी तसंच झाकून ठेवायचं. पाणीसुद्धा मोजकं. आठवड्यागणिक तिचे हात मापाच्या पट्टीसारखे होत गेले. घरातल्यांना वाटे, रोगच खातोय. केमोच्या फेऱ्या चालूच होत्या, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. पिशवी रिकामी राहिली की तिला तेवढ्यापुरतं जिंकल्यासारखं वाटे.

एका दुपारी मारोती ड्यूटीवर होता, शर्मिष्ठा परीक्षेला गेलेली. मंदाकिनी भिंतीला धरून मोरीपर्यंत गेली आणि तिथंच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पडताना पिशवी बादलीच्या कडेवर आपटली आणि फाटली.

शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर एका कुशीवर होती आणि गाऊनपासून कोपरापर्यंत सगळं भरलेलं होतं. वेणीचं टोक त्यात होतं. एक माशी आली, मग दुसरी आली. हाक मारली असती तर भिंतीपलीकडची शेजारीण ऐकू शकली असती. मंदाकिनीनं हाक मारली नाही. इथंच मरावं, असं तिला अगदी शांतपणे वाटलं. मरणाचं तसं दुःखही वाटलं नाही. मग डोळ्यांपुढे आलं की आपण अशा पडलेल्या सापडू. लोक येतील, नाकाला पदर लावून दारात उभे राहतील, आणि कोणीतरी म्हणेल, सुटली बिचारी. आणि ही माशी ओठावर बसलेली असेल.

"शी!" ती मोठ्यानं म्हणाली.

लोक नंतर तिला विचारायचे, की उठायचं बळ कुठून आलं. तिला खोटं बोलता येत नसे. बळबिळ काही आलं नव्हतं. देव आठवला नव्हता, पोरीचा चेहरा आठवला नव्हता. शिसारी आली होती, एवढंच. त्या घाणीत आणखी एक श्वास घेणं तिला शक्य नव्हतं, म्हणून ती कोपरावर रेटली, मग गुडघ्यावर, मग नळाला धरून उभी राहिली. नळ तिनं धुतला नाही, तसाच सोडला.

आधी तिनं स्वतःला धुतलं, मग वेणी, मग फरशी. फिनाईल टाकून खराट्यानं घासली, पुन्हा घासली. पोटावरचं ते लाल तोंड उघडंच होतं. त्याच्याकडे पाहिल्याशिवाय धुता येईना, म्हणून पाहिलं. धुताना हाताला कळलं की ते दुखत नाही. ऊन ऊन आहे, मऊ आहे, ओठांच्या आतल्या बाजूसारखं. किळस गेली असं नाही. पण मळका कपडा असाच असतो: लांबून पाहत बसलं तर मळमळतं, हातात घेऊन साबण लावला की नुसतं काम उरतं. नवी पिशवी तिनं स्वतः चिकटवली. वाकडी बसली. मग ती स्वयंपाकघरात गेली. झाकून ठेवलेली कालची बासी होती, पाण्यात भिजवलेला भात. छत्तीसगढी शेजारणींकडून हे खाणं तिनं उचललं होतं. मीठ टाकून, कांद्याच्या फोडीबरोबर तिनं ती उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

संध्याकाळी मारोती आला. फिनाईलचा वास, ओले केस, रिकामं पातेलं त्यानं पाहिलं आणि विचारलं, "कोण आलं होतं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "उद्या मले त्या नर्सकडे घेऊन चला. मी स्वतः शिकतो."

ती नर्स म्हणजे समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात बसणारी रीना. ठेंगणी, जाड भुवयांची, बोलायला फटकळ. डिस्चार्जच्या वेळी तिनं सगळं समजावून सांगितलं होतं, पण तेव्हा मंदाकिनी भिंतीकडे पाहत होती. आता रीनानं तिचं वजन पाहिलं आणि सरळ विचारलं, "खाना छोड़ दिया था ना? सब छोड़ते हैं. दीदी, पेट खाली रखोगे तो गैस और बनेगी. खाओ, टाइम पे खाओ, तो ये भी टाइम पे चलेगा." तिनं पिशवीच्या चकतीला नेमकं छिद्र कसं कापायचं ते दाखवलं. मंदाकिनीनं तिच्या हातातून कात्री घेतली आणि एका फेरीत असं गोल कापलं की रीना बघतच राहिली. मग जाताना रीना म्हणाली, "गंदगी तो सबके अंदर है दीदी. आपकी बस सामने है."

हे वाक्य ही सगळ्यांना ऐकवत असणार, असं मंदाकिनीला वाटलं आणि तिचं नाक आपोआप मुरडलं. पण छिद्र कापण्याची गोष्ट तिनं नीट लक्षात ठेवली.

रायपूरच्या उकाड्यात ते प्लास्टिक कातडीला चिकटे आणि खाली पुरळ उठे. तिनं ब्लाउजच्या अस्तराचं सुती कापड घेऊन पिशवीला अभ्रा शिवला, वरून नाडी, मागे छिद्र. पुढच्या खेपेला रीनानं तो पाहिला आणि म्हणाली, "ऐसे और बना दो ना, मेरे पेशंट लोगों के लिए." मंदाकिनीनं उरलेल्या अस्तरांचे बनवून दिले. ते कोण वापरतं हे तिनं विचारलं नाही. विचार केला की तिला अजूनही मळमळायचं.

पुढच्या खोलीतलं मशीन पुन्हा सुरू झालं. पण माप घ्यायला बाईच्या जवळ उभं राहावं लागतं, छातीभोवती फीत न्यावी लागते, आणि पोट त्यावेळी ऐकत नाही. एकदा एका नव्या नवरीचं माप घेताना आवाज झाला, लांबलचक. नवरीच्या आईनं पोरीला हाताला धरून मागे ओढलं, जणू साप दिसला. "बाद में आते हैं," म्हणाली, आणि आली नाही. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक असलेल्या इरावतीताई स्वतः यायच्या बंद झाल्या. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, पाऱ्यात मोठा मान. आता त्यांचा ड्रायव्हर कापड आणि मापाचं ब्लाउज आणून द्यायचा. ब्लाउज मात्र धुतलेलं, इस्त्री केलेलं, अत्तर मारलेलं असायचं. ते अत्तर आपल्या घरच्या वासावर मारलेलं आहे, हे मंदाकिनीला कळत होतं.

म्हणून त्याच इरावतीताईंचा फोन आला तेव्हा ती चकित झाली. महिला दिनाला त्यांच्या मंडळात जिद्दी स्त्रियांचा सत्कार होता. "तुमचं नाव मीच सुचवलं, मंदाकिनी. तुमच्याकडून आम्हाला किती शिकण्यासारखं आहे!"

"मले नाही जमत ताई तसं."

पण मारोतीनं ऐकलं होतं. त्याचा चेहरा असा फुलला की तिला नाही म्हणवेना. मोरीकडे पळालेल्या त्या दिवसापासून हा माणूस घरात गुन्हेगारासारखा वावरत होता. त्यानं नवा शर्ट काढला.

हॉल भरलेला होता. साबुदाण्याची खिचडी मंडळाच्या बायकांनी आग्रह करकरून वाढली आणि मंदाकिनीनंही खाल्ली. मग तिला स्टेजवर बसवलं, माइकच्या अगदी शेजारी. इरावतीताई बोलू लागल्या. "मंदाकिनीताईंकडे पाहिलं की पटतं, मनानं ठरवलं तर अशक्य काही नाही. इतकं मोठं संकट, पण यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी मावळलं नाही!"

कोणतं हसू? मंदाकिनी आठवू लागली. त्या काळात ही बाई एकदाही घरी आली नव्हती. हिनं पाहिलं कधी? गोड, चिकट पाकात बुडवून कोणी आपल्याला ताटात ठेवलंय असं तिला वाटलं, आणि खरोखर मळमळलं.

तेवढ्यात पोटानं आपलं म्हणणं मांडलं. माइकनं ते प्रामाणिकपणे सगळ्या हॉलभर पोचवलं.

इरावतीताईंचं वाक्य तुटलं. मग मागून एक दाबलेलं हसू, आणि मग पहिल्या रांगेतले पदर एकामागून एक नाकाकडे गेले. वास अजून आलाही नव्हता. इरावतीताईंनी जरा मोठ्या आवाजात, "तर अशा या आपल्या..." म्हणून वाक्य पुढे रेटलं. मंदाकिनीला पिशवी भरत असलेली जाणवली. तिनं नवी पिशवी ठेवलेली थैली उचलली आणि स्टेजवरून उतरून संडास शोधत गेली.

दार उघडलं आणि ती तिथंच थबकली. बेसिनमध्ये गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून लाल-काळ्या झालेल्या. नळ फिरवला तर नुसती हवा. भांड्यात आधी येऊन गेलेल्या कोणाचं तरी तसंच. फरशीवर पाणी की काय ते, चप्पल बुडेल इतकं. थैली अडकवायला खुंटी नाही, ठेवायला कोरडी जागा नाही. आणि बाहेर ऐंशी बायका अंगभर अत्तर लावून स्त्रीशक्तीवर टाळ्या वाजवत होत्या.

तिनं पदर दातात धरला, थैली गळ्यात अडकवली, स्वतःच्या बाटलीतलं पाणी काढलं आणि काम उरकलं. ओकारी येत होती, पण ती स्वतःच्या पोटाची नव्हती. आजारपणानंतर पहिल्यांदाच तिला आपल्यापेक्षा दुसऱ्या कशाची तरी जास्त किळस आली, आणि त्यात तिला, खरं सांगायचं तर, मोकळं वाटलं. जुनी पिशवी कागदात गुंडाळून, दुसऱ्या थैलीत बांधून तिनं बरोबर घेतली. तिथं टाकायचीही तिला लाज वाटली.

बाहेर इरावतीताई शाल घेऊन उभ्या होत्या, पाठीमागे मारोती नारळ धरून. "बरं वाटतंय ना? या, फोटो तेवढा राहिलाय."

"ताई, तुमी एकडाव आत जाऊन पाहा."

"अहो, तो हॉलवाल्यांचा प्रश्न आहे, आपण..."

"पाहा न जी."

इरावतीताईंनी दार ढकललं आणि दोन पावलं मागे आल्या. पदर नाकावर. "शी! काय ही घाण!"

"हव," मंदाकिनी म्हणाली. "हे शी बरोबर आहे. हे इथंच म्हणा. तिथं स्टेजपुढं माह्या तोंडावर म्हणून काय फायदा? मले तुमची शाल नाही पायजे. इथं पाणी पायजे अन् एक खुंटी पायजे. बाईले पिशवी असो का पाळी असो, तिनं कुठं जावं? अन् ते हसू... ताई, मी काही हसत नव्हतो. मी मरून राहिलो होतो. तुमी आल्या असत्या तर दिसलं असतं."

इरावतीताईंचा चेहरा पडला. कोणीतरी त्यांना स्टेजवरून हाक मारली आणि त्या शाल घेऊन तशाच वळल्या.

ऑटोत मारोतीनं नारळ मांडीवर घेतला. मग नारळाकडे पाहत म्हणाला, "बरोबर बोलली तू." पुढच्या चौकात, "शाल मस्त होती पण."

"मंग तुमी पांघरून घेतली असती," ती म्हणाली. घरी आल्यावर त्यानं नारळ खाली ठेवला आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या मी बदलून देतो पिशवी. पाहतो जमते का." दुसऱ्या दिवशी त्याला जमली नाही, चकती दोनदा वाकडी बसली, डोळ्यांत पाणी आलं. पण या वेळी तो मोरीकडे गेला नाही.

त्या दिवसानं काही जग बदललं नाही. मंडळात म्हणे, वैरागडेबाईला घमेंड आली अशी चर्चा झाली. इरावतीताईंचा ड्रायव्हर पुन्हा कधी आला नाही. त्या हॉलच्या नळाला पाणी आलं की नाही, ते मंदाकिनीला ठाऊक नाही. ती तिथं परत गेली नाही. काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. काही राहिली, आणि माप घेताना आवाज झाला तर ती आता फीत न सोडता म्हणते, "पोट आहे माहं, बोलते. हात वर करा." जिला थांबायचं ती थांबते.

परवा रीनाचा फोन आला. सिलतऱ्याला एक बाई आहे, म्हणाली, नुकतंच ऑपरेशन झालंय, नवरा तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात. बाई कोणाशी बोलत नाही, जेवत नाही. तुमच्या मराठीतली आहे, एकदा जाऊन याल का?

मंदाकिनीला मुळीच जायचं नव्हतं. दुसऱ्याची पिशवी पाहायची नुसत्या कल्पनेनं तिनं फोन कानापासून लांब धरला. पण जेवत नाही, हे शब्द कानात राहिले. ती बस बदलून गेली.

एका खोलीचं घर, खिडकी घट्ट बंद, आत कोंडलेला वास. बाईचं नाव गोदू, तिशीची असेल, भिंतीकडे तोंड करून पडलेली. मंदाकिनी दारातली लांबची खुर्ची ओलांडून सरळ तिच्या पलंगावर जाऊन बसली.

"रीनानं पाठवलं," ती म्हणाली. "माह्याही पोटावर आहे."

गोदूनं मान वळवली नाही. भिंतीकडेच पाहत म्हणाली, "वास नाही येत तुमाले?"

"येते न. चांगला येते. आता ओकतो का मंग ओकतो, असं होऊन राहिलं मले."

गोदूनं वळून पाहिलं. इतक्या दिवसांत खरं बोलणारं तिच्याकडे कोणी आलं नव्हतं बहुतेक.

"ते खिडकी काहून बंद केली?" म्हणत मंदाकिनी उठली आणि तिनं खिडकी ढकलली. बाहेरून कारखान्यांच्या धुराड्यांची काळी भुकटी वाऱ्याबरोबर आत आली, मंदाकिनीच्या फिक्या साडीवर, ओठांवर, दातांत.

"नोका उघडू बाप्पा!" गोदू उठून बसली. "काळं येते आत!"

"शी! थू!" मंदाकिनी पदरानं जीभ पुसत होती. "काय व हे! तुमी लोक हे खाता रोज? यापरीस आपली पिशवी बरी न पोरी, बंद तरी राहते!"

गोदूच्या घशातून कसलासा आवाज आला. हसू होतं की हुंदका, ते मंदाकिनीला कळलं नाही. तिनं खिडकी लावून घेतली, पाणी मागितलं, आणि हात धुऊन विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं ते सांग."